रोजचे पन्नास रुपये आणि मामूंची उधारी

कर्ज आपल्या घरांत नवे नाही. मुलीचा निकाह, आखातात जाण्यासाठी व्हिसाचा खर्च, अब्बांचे ऑपरेशन, रिक्षा किंवा शिलाई मशीन अशी त्याची कारणे असतात आणि ती बहुतेक खरीच असतात. म्हणून कर्ज का घेतले याची उलटतपासणी आम्ही येथे करणार नाही. घेतलेले कर्ज आपल्या तुटपुंज्या कमाईतून लवकर कसे उतरेल, एवढाच प्रश्न आहे. व्याजाचे कर्ज तर हिशेबावर जेवढे जड, तेवढेच मनावरही जड असते. ते एक दिवस आधी संपले तरी घराला बरे वाटते.

समजा, एका घरावर तीन कर्जे आहेत. बँकेचे 3 लाखांचे वैयक्तिक कर्ज, 14 टक्के दराने पाच वर्षांसाठी. त्याचा हप्ता सुमारे 6,980 रुपये. क्रेडिट कार्डावर 40,000 थकलेले. आणि मामूंनी निकाहच्या वेळी हातउसने दिलेले 60,000, बिनव्याजी. हे कोणा एकाचे घर नाही, पण पालकसभेनंतर आयाबाया थांबून बोलतात तेव्हा आम्हाला थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते.

आता या घरात रोज 50 रुपये बाजूला पडू लागले. महिन्याचे झाले 1,500. एवढ्या डोंगरापुढे या चिल्लरने काय होणार, असे कोणीही म्हणेल. म्हणून आधी कार्डाकडे पाहू. अनेक कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला 42 टक्के. 40,000 वर महिन्याचे व्याज 1,400 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 252. असे 1,652 रुपये नुसते जागच्या जागी उभे राहण्याचे भाडे! या घराने 'किमान रक्कम' म्हणून 2,000 भरले की मुद्दल उतरते फक्त 348 रुपयांनी. दरमहा 2,000 च भरत राहिले आणि कार्डावर नवी खरेदी अजिबात केली नाही, तरी फिटायला 44 महिने लागतात. त्यात 1,000 ची भर घालून दरमहा 3,000 भरले तर 20 महिने. एकूण भरणाही सुमारे 27,000 रुपयांनी कमी होतो. वरचा प्रत्येक रुपया थेट मुद्दलावर पडतो, हेच त्याचे कारण. आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकवताना जे गणित कोरडे वाटते, ते असे घरात शिरलेले असते.

हिशेबतज्ज्ञ येथे म्हणतील की सगळे 1,500 कार्डावरच टाका. मामूंच्या पैशाला व्याज नाही, ते शेवटी पाहू. आकड्यांच्या दृष्टीने ते बरोबर आहे, तरी आम्हाला ते पटत नाही. बँक हप्त्याची तारीख विसरू देत नाही, कार्डवाल्यांचे फोन येतात. मामू मात्र फोन करत नाहीत. ते ईदला भेटतात, मुलांच्या हातात ईदी ठेवतात आणि विषय काढत नाहीत. मग आपणच त्यांच्याकडे जाणे कमी करतो. ज्याने व्याज न घेता दिले, त्याचेच पैसे सर्वांत मागे पडतात, आणि पुढच्या वेळी कोणा गरजूला द्यायला तो हात आखडता घेतो. कर्जे हसनाची रीत आपल्या मोहल्ल्यांतून कमी होत चालली आहे असे म्हणतात. त्यात देणाऱ्यांच्या कंजूषीपेक्षा घेणाऱ्यांच्या दिरंगाईचा वाटा मोठा आहे, असे आमचे मत आहे.

म्हणून 1,500 पैकी 1,000 कार्डाला आणि 500 मामूंना. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला, न मागता. 60,000 पुढे 500 काहीच नाहीत, पण न मागता आलेल्या 500 रुपयांनी घरोबा टिकतो. 20 महिन्यांत त्यांचे 10,000 फिटलेले असतील. तोवर कार्ड संपले की त्याचे 3,000 मोकळे होतात. ते खर्चात विरघळू न देता 2,000 मामूंकडे वळवले, तर महिन्याला 2,500 होऊन उरलेले 50,000 आणखी 20 महिन्यांत फिटतात. राहिलेले 1,000 बँकेच्या हप्त्यावर जादा भरले, तर ते कर्ज सहा महिने आधी संपते आणि सुमारे नऊ हजार रुपये व्याज वाचते.

बँकेत मात्र एक काळजी घ्यावी. जादा रक्कम नुसती खात्यात टाकून उपयोग नाही. ती पुढच्या हप्त्यासाठी पडून राहू शकते. 'ही रक्कम मुद्दलात जमा करा, हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा,' असे लेखी द्यावे व पोच घ्यावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही, पण वैयक्तिक कर्ज बहुधा स्थिर दराचे असते, तेथे आकार लागू शकतो. तो आधी विचारावा. काही ठिकाणी दरमहा थोडे थोडे घेत नाहीत. मग सहा महिन्यांचे साठवून एकदम भरावे.

नवे कर्ज घेणाऱ्यांसाठी सांगतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या वैयक्तिक कर्जांवर बँका व फायनान्स कंपन्यांनी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो कागद मागून घ्यावा. 'फक्त 12 टक्के फ्लॅट' म्हणून दोन वर्षांसाठी दिलेल्या कर्जाचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो, कारण फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लावलेले असते.

आता हे 50 रुपये आणायचे कोठून? मुलांच्या दुधातून आणि वह्यांतून नकोत. गुटखा, नाक्यावरचा चौथा चहा, कोणी न पाहणारा मोबाईलचा पॅक यांतून निम्मे तरी निघतात. बाकीचे फॉल-पिकोतून, शिकवणीतून येऊ शकतात. आमच्यासारख्या मास्तरांना कधी पेपर तपासणीचे मानधन, कधी महागाई भत्त्याचा फरक मिळतो. तो आला की खर्चाच्या पन्नास वाटा सुचतात, त्याआधीच भरून टाकावा. आठवड्याचा पगार असेल तर पगाराच्या दिवशीच 350 वेगळे करावेत. महिनाअखेरीस काही उरत नाही. आणि हे सुरू करण्यापूर्वी तीन-चार हजार औषधपाण्यासाठी डब्यात ठेवावेत. नाहीतर मूल तापाने फणफणले की पुन्हा कार्डच बाहेर निघते.

भगिनींची भिशी यात फार उपयोगी पडते. दहाजणींची हजाराची भिशी लागली की दहा हजार हाती येतात. ते कोठे जाणार हे आधीच ठरलेले असावे, नंबर लागल्यावर नव्हे. मात्र लिलावाच्या भिशीपासून लांब राहावे. तेथे गरजू बाई कमी रकमेवर भिशी उचलते आणि तिचे नुकसान बाकीच्या वाटून घेतात. नाव वेगळे, काम व्याजाचेच.

शेवटचा हप्ता गेला की बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा, तारण ठेवलेली कागदपत्रे परत घ्यावीत आणि महिना-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टमध्ये कर्ज बंद दिसते का ते तपासावे. मामूंचा व्यवहारही वहीत तारीखवार लिहावा. उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. 'घरच्या घरात कसले लिहायचे?' असे मामू म्हणतील. तरी वही पुढे करावी आणि दर वेळी त्यांची सही घ्यावी.