दोंडाईच्याची मच्छरदाणी आणि जांघेतले टाके

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या ऑपरेशनात मच्छरदाणीचं कापड वापरलं, हे सांगितलं की लोक आधी हसतात. हिशेब मात्र सरळ होता. कमकुवत जागेवर बसवायची कंपनीची जाळी पॉलिप्रॉपिलीनची, आणि औषध न मारलेली मच्छरदाणी पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनची. दोन्ही प्लॅस्टिकच, पण मच्छरदाणीचा तुकडा काही रुपयांत पडायचा. वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जननी मिळून घेतलेला अनुभव 2003 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापून आला. पुढे युगांडात 302 पुरुषांवर रीतसर तुलना झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’ने छापले. वर्षभरात स्वस्त जाळीवाल्यांपैकी एकाचा हर्निया उलटला, महाग जाळीवाल्यांपैकी कुणाचाच नाही. एवढा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबी नगण्य. एक पथ्य तेवढं कडक. हे कापड ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवरच निर्जंतुक करायचं, 134 वर ते आकसतं. घरची मच्छरदाणी घेऊन दवाखान्यात जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

जाळी कोणती, हे जळगाव-धुळ्याकडचा पेशंट हल्ली विचारतो. ती कशाने शिवणार, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर दोऱ्याचं काम थोड्या दिवसांचं असतं. काही आठवड्यांत जाळीच्या भोकांतून शरीराचे तंतू वाढतात आणि जाळी जागच्या जागी धरली जाते. तोवर ती सरकू नये, एवढंच टाक्यांनी पाहायचं.

प्रोलिनचा निळा दोरा एकतंतू आणि न विरघळणारा. त्यात जंतूंना लपायला सांदी नसते, पण तो निसटता असल्याने गाठी जास्त माराव्या लागतात. व्हिक्रिल विणलेला, गाठ चटकन बसते. तीन आठवड्यांत त्याची ताकद निम्म्यावर येते आणि दोनेक महिन्यांत तो विरघळतो. पीडीएस एकतंतू आणि सावकाश विरघळणारा, सहा महिने तरी घेतो. रेशमाचा धागा इथे नकोच. जंतू धरला तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहते.

मग सरस कोणता? हर्निया पुन्हा होण्याच्या बाबतीत विरघळणारा आणि न विरघळणारा यांत ठोस फरक अभ्यासांत दिसलेला नाही. टाक्यांऐवजी गोंद वापरला तर दीर्घकाळची दुखणी काहीशी कमी होतात असं दिसतं, पण गोंदाचं बिल वेगळं. माझं मत विचाराल तर दोऱ्याच्या नावापेक्षा टाका कुठे पडतो हे मोठं. जांघेतून तीन बारीक नसा जातात. त्यांतली एक टाक्यात अडकली की माणूस महिनोन्‌महिने कळवळतो. जघनाच्या हाडावरच्या आवरणातून सुई गेली तरी तीच गत. म्हणून जाळी बसवायच्या लिक्टेनस्टाइन पद्धतीत खालची कड सलग टाक्याने अस्थिबंधाला शिवतात, वर मात्र एक-दोनच सैल टाके, तेही विरघळणारे, नस चुकवून.

पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डांनी तर जाळीच वगळली. त्यांनी 2001 मध्ये मांडलेल्या पद्धतीत पेशंटच्याच पोटाच्या स्नायूच्या चिवट पडद्याची पट्टी कमकुवत जागेवर शिवली जाते. पोलंडमध्ये तिची जाळीच्या ऑपरेशनशी तुलना झाली. 2012 मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत तीन वर्षांनी हर्निया उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं.