अमाझिघ गालिचा : खुणा आणि त्यांचा अर्थ



गालिचा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे इराण किंवा काश्मीर उभे राहते : बारीक गाठी, वेलबुट्टी आणि चहूबाजूंनी काटेकोर किनार. आज ज्या गालिच्याविषयी बोलावयाचे आहे, तो या घराण्यातला नव्हे. तो मोरोक्कोच्या डोंगराळ मुलखात विणला जातो. जाड पांढऱ्या लोकरीवर काळ्या-तपकिरी रेघांचे मोठमोठे शंकरपाळे. त्यांतली एखादी रेघ मध्येच वळलेली, एका बाजूचे शंकरपाळे मोठे तर दुसऱ्या बाजूचे चेपलेले. पाहणाऱ्याला प्रथम वाटते, विणणारणीचा हिशेब चुकला असावा. मग कोणी जाणकार सांगतो की, यातली प्रत्येक खूण म्हणजे एक गूढ अक्षर आहे. या दोन्ही समजुती तपासून पाहावयाच्या आहेत.

प्रथम या लोकांची ओळख करून घेऊ. सातव्या शतकात अरब उत्तर आफ्रिकेत आले, त्यापूर्वीपासून तेथे राहणारे हे लोक स्वतःला ‘अमाझिघ’ म्हणवतात. ‘स्वतंत्र माणूस’ असा त्याचा अर्थ सांगतात. ‘बर्बर’ हे नाव त्यांना बाहेरच्यांनी दिले. ज्याची बोली आपल्याला कळत नाही तो रानटी, अशा भावनेतून ग्रीकांनी हा शब्द योजला होता. आपल्याकडचा ‘बर्बर’ शब्दही त्याच जातीचा. न कळणाऱ्या भाषेविषयीची ही घाई पुढे गालिच्याच्या बाबतीतही दिसेल, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

आता गालिचा कसा होतो ते पाहू. मेंढ्यांची लोकर कातरून ती ओढ्यावर धुवावयाची, दातेरी फण्यांनी विंचरावयाची आणि टकळीवर कातावयाची. माग उभा असतो : वर एक आडवे लाकूड, खाली एक, आणि मध्ये ताणलेले उभे धागे. त्या धाग्यांवर लोकरीच्या गाठी मारीत ओळ पुरी करावयाची, त्यावर आडवे धागे घालावयाचे आणि जड फणीने ठोकून बसवावयाचे. कागदावर काढलेला नमुना समोर नसतो. विणलेला भाग खालच्या लाकडावर गुंडाळला जातो. त्यामुळे विणणारीला एका वेळी हात-दीड हाताचाच तुकडा दिसतो. मागची आकृती मनात धरून ती पुढची रचते. एका रंगाची लोकर संपली तर दुसरी घेते. तेव्हा शंकरपाळे लहानमोठे झाले, तर त्यात नवल ते काय? तो चुकलेला हिशेब नव्हे. तो काम करण्याच्या रीतीचाच ठसा आहे.

प्रदेशागणिक गालिचा पालटतो. मध्य अ‍ॅटलास पर्वतात थंडीत बर्फ पडते. तेथील बेनी उआराईन लोकांचे गालिचे लांब केसांचे आणि बहुधा न रंगविलेल्या लोकरीचे. ते मुळात अंथरुणा-पांघरुणासाठी, ऊब देण्यासाठी होते. दक्षिणेकडे ताझनाख्तच्या परिसरात मात्र तांबडा, पिवळा, नारिंगी असे रंग भरलेले दिसतात. मंजिष्ठ, नीळ, डाळिंबाची साल यांतून पूर्वी रंग काढीत. पुढे कारखान्यातले रंगही आले.

आता खुणांकडे वळू. शंकरपाळ्याला कोणी डोळा म्हणतात. दृष्ट लावणाऱ्या डोळ्याला डोळ्यानेच परतवावे, ही कल्पना. कोणी त्यालाच गर्भाशय म्हणतात. नागमोडी रेघ कोठे पाणी, कोठे साप. पाचाचा आकडा म्हणजे हाताची पाच बोटे, म्हणजे रक्षण. फिनलंडचे अभ्यासक एडवर्ड वेस्टरमार्क यांनी 1926 साली प्रसिद्ध केलेल्या मोरोक्कोवरील ग्रंथात दृष्टीविषयीच्या अशा समजुती विस्ताराने नोंदविल्या आहेत. हेच आकार मडक्यांवर आणि जुन्या बायकांच्या हनुवटीवरील गोंदणातही आढळतात. तेव्हा या खुणा निरर्थक आहेत, असे कोणी म्हणू नये. परंतु एकाच खुणेचे दोन-तीन अर्थ होतात, हेही विसरू नये. तिफिनाघ ही अमाझिघांची प्राचीन परंपरेची लिपी आहे; 2003 साली मोरोक्कोने ती आपल्या भाषेसाठी स्वीकारली. तिच्या काही अक्षरांशी या आकारांचे साम्य दिसते. तरीही गालिच्यावरील ओळ मोठ्याने वाचता येत नाही.

मग अर्थ कोठे शोधावा? माझ्या मते तो खुणांइतकाच कामात शोधावा. मध्य अ‍ॅटलासमधील बायकांची एक समजूत अभ्यासकांनी नोंदली आहे. मागावर धागे ताणले की त्यात जीव येतो, आणि विणून झालेले वस्त्र कापून उतरविले की तो जीव जातो; म्हणून उतरविताना त्यावर पाणी शिंपडतात. ज्या घरात माग हा जिवंत पाहुणा म्हणून वावरतो, तेथे शंकरपाळ्याचा अर्थ एका शब्दात कसा मावणार?

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. 1912 साली फ्रेंच अंमल आल्यावर गालिच्यांची पद्धतशीर नोंद झाली. प्रोस्पेर रिकार या अधिकाऱ्याने 1923 पासून नमुन्यांचे मोठे संग्रह छापले. ठरलेल्या दर्जाच्या गालिच्यांना 1919 पासून सरकारी शिक्काही मिळू लागला. त्यामुळे पुष्कळ काही टिकले, हे मान्य केले पाहिजे. पण प्रमाण कोणते हे ठरविणारा विणणारीहून वेगळा झाला. आज बाजारात विणणारी स्त्री आणि विकणारा बहुधा पुरुष, अशी वाटणी आहे. ‘ही सुफलतेची खूण, ही स्वातंत्र्याची’ अशी तयार यादी गिऱ्हाइकाला ऐकविली जाते, त्या गोष्टीने किंमत चढते, आणि चढलेल्या किमतीतला वाटा मागापर्यंत क्वचितच पोहोचतो. एवढेच नव्हे, तर मागणी त्या यादीप्रमाणे येऊ लागली म्हणजे विणणारीला तीच यादी विणावी लागते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. 2011 च्या राज्यघटनेने अमाझिघ भाषेला मोरोक्कोची अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली. काही गावांतील स्त्रियांनी सहकारी संस्था काढून आपला माल थेट विकण्यास आरंभ केला आहे. अशा ठिकाणी गालिच्याबरोबर विणणारीचे नाव जाते, आणि अर्थ विचारावयाचा झाल्यास तिलाच विचारता येतो. ती कदाचित म्हणेल, ‘हा डोळा आहे.’ कदाचित म्हणेल, ‘आईने असे शिकविले.’ कदाचित एवढेच म्हणेल की, येथे काळी लोकर संपली होती. ही तिन्ही उत्तरे सारख्याच आदराने ऐकून घेण्याची आपली तयारी असेल, तर गालिचा समजला असे म्हणावे.