चमचाभर मीठ, तळंभर खारटपणा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहरात हिमवर्षाव थांबल्यापासून 24 तासांत घरासमोरचा पदपथ मोकळा करणं घरमालकाला बंधनकारक आहे. कामावर निघायच्या घाईत बहुतेकांचा हात मिठाच्या पिशवीकडे जातो. मीठ बर्फात मिसळलं की खारं पाणी तयार होतं आणि ते शून्य अंशाला गोठत नाही. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाबरोबर आपण खडेमीठ घालतो, त्यामागचं शास्त्र हेच.

बर्फ गेला, तरी मीठ जात नाही. वितळलेलं पाणी पावसाळी गटारांतून तळ्यांत आणि नद्यांत उतरतं. मिठातलं क्लोराइड कुजत नाही, तळाशी साचून निष्प्रभ होत नाही, नेहमीच्या जलशुद्धीकरणातही निघत नाही. मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेच्या हिशेबाने एक चमचा मीठ 5 गॅलन, म्हणजे सुमारे 19 लिटर पाणी कायमचं बिघडवतं. लिटरमागे 230 मिलिग्रॅम क्लोराइड ही तिथली जलचरांसाठीची मर्यादा आहे. शिवाय खारं पाणी जड असल्याने तळ्याच्या बुडाशी जाऊन बसतं. वसंतात वरचं-खालचं पाणी एकमेकांत मिसळायला हवं, ते नीट मिसळत नाही आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. हिवाळा सरला तरी हे नुकसान मागे उरतं.

म्हणून सर्वांत पर्यावरणस्नेही साधन म्हणजे फावडं, आणि तेही वेळेवर हातात घेतलेलं. भुसभुशीत हिम सहज उचलता येतं. पावलांखाली आणि चाकांखाली दबलं की त्याचा टणक थर होतो आणि मग मिठाची गरज भासते. मोठा हिमवर्षाव असेल तर तो थांबायची वाट न पाहता अधूनमधून बाहेर पडावं.

मीठ लागलंच, तर आधी हिम काढून मगच टाकावं. त्याचं काम सगळा बर्फ वितळवणं नाही. जमिनीला चिकटलेला थर सुटा झाला की तो खरवडून काढायचा. सुमारे 20 फुटी ड्राइव्हवेला कॉफीचा एक मोठा मग पुरतो. उणे 9 अंशांखाली साध्या मिठाचा फारसा उपयोगच होत नाही. तेव्हा वाळू बरी. ती बर्फ वितळवत नाही, पण पाय घसरू देत नाही. गटारात जाण्याआधी ती झाडून घ्यावी, एवढंच.

पिशवीवरच्या ‘हरित’ या शिक्क्यावर मात्र विसंबू नये. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड जास्त थंडीत चालतात, पण त्यांतही क्लोराइडच असतं. युरियातला नायट्रोजन पाण्यात शेवाळ वाढवतो. बीटचा रस मिसळलेली द्रावणंही निर्दोष नाहीत. त्यातली साखर कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो.

तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना एवढंच सांगणं: पदपथ कोरडा झाल्यावर मिठाचे दाणे पायाखाली कुरकुरत असतील, तर मीठ जास्त पडलंय. ते झाडून डब्यात भरा, पुढच्या वेळी तेच वापरा.