एकोणपन्नास मतांचा हिशेब

निवडणुकीचा निकाल काठावर लागला की मते पुन्हा मोजण्याची मागणी होते, आणि सरकारी तिजोरीत खडखडाट असेल तर त्या मोजणीचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्नही तिच्या पाठोपाठ येतो. तामिळनाडूत हा खडखडाट आकड्यांत मांडला गेला तो 9 ऑगस्ट 2021 रोजी, जेव्हा तत्कालीन अर्थमंत्री पलनिवेल त्यागराजन यांच्या श्वेतपत्रिकेने दर कुटुंबामागे 2,63,976 रुपयांचे सार्वजनिक कर्ज असल्याचे जाहीर केले.

निवडणूक संचालन नियम, 1961 नुसार उमेदवाराला निकाल घोषित होण्यापूर्वी कारणे देऊन फेरमोजणीचा लेखी अर्ज करता येतो, निवडणूक निर्णय अधिकारी तो मान्य किंवा अमान्य करतो, आणि यासाठी कोणतेही शुल्क नाही. मतमोजणी केंद्रावर कर्मचारी आणि पोलीस हजर असतातच, त्यामुळे त्या दिवशीची फेरमोजणी म्हणजे फार तर आणखी काही तासांचे काम असते. खर्च वाढतो तो ही संधी हुकल्यावर, कारण त्यानंतर निवडणूक याचिका, म्हणजे निकालाला उच्च न्यायालयात दिलेले आव्हान, एवढाच मार्ग उरतो.

राधापुरम हे याचे ठळक उदाहरण होय. 2016 च्या विधानसभा निवडणुकीत तिरुनेलवेली जिल्ह्यातील या मतदारसंघात अण्णाद्रमुकच्या इन्बदुराई यांनी द्रमुकच्या अप्पावू यांच्यावर अवघ्या 49 मतांनी मात केली. सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर राजपत्रित अधिकाऱ्याऐवजी शाळेच्या मुख्याध्यापकाची साक्षांकनाची सही आहे, या कारणाने 203 टपाली मते बाद ठरली होती, म्हणजे वादातील मते मताधिक्याच्या चौपटीहून अधिक होती. असा साक्षांकनाचा अधिकार मुख्याध्यापकाला आहे, असे म्हणत मद्रास उच्च न्यायालयाने टपाली मते आणि मतदान यंत्रांतील मतमोजणीच्या शेवटच्या तीन फेऱ्या पुन्हा मोजण्याचा आदेश दिला, पण तोवर 1 ऑक्टोबर 2019 उजाडला होता. यंत्रे राज्याच्या दक्षिण टोकाकडून चेन्नईला आणून 4 ऑक्टोबरला न्यायालयाच्या आवारात मोजणी झाली. निकाल जाहीर करण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी स्थगिती दिली आणि 2021 मध्ये विधानसभेची मुदतच संपली. एका दिवसाच्या मोजणीसाठी तीन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली, आणि मोजूनही तो आकडा त्या मुदतीत मतदारांच्या काही कामी आला नाही.

फेरमोजणी आणि याचिका यांचा हा खर्च एका जागी दिसत नाही. राज्याच्या अंदाजपत्रकात निवडणुकांसाठी 2015 क्रमांकाचे प्रधान लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचा ठरावीक मुख्य कप्पा असतो. न्यायदानाचा कप्पा 2014 क्रमांकाचा. केंद्रावरची फेरमोजणी पहिल्यात मोडते, तर याचिकेत गेलेला न्यायालयाचा वेळ दुसऱ्यात विरून जातो. त्यामुळे निवडणूक विभागाने वाचवलेला पैसा न्यायालयाच्या नावावर चढला, तरी तो कोणाच्या लक्षात येत नाही.

खर्च आणि प्रतिनिधित्व यांचे वजन कायद्याने अन्यत्र केलेले आहे आणि ते चेन्नईतील चेपॉक-तिरुवल्लिकेणी मतदारसंघाने अनुभवले आहे. तेथील आमदार जे. अन्बळगन यांचे 10 जून 2020 रोजी निधन झाले. रिक्त जागेची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेण्याचे बंधन राहत नाही, या तरतुदीत ही जागा बसत होती. पोटनिवडणूक झाली नाही, तिचा खर्च टळला आणि 2021 च्या निवडणुकीपर्यंत तिरुवल्लिकेणीला आमदार नव्हता. येथे निदान कालमर्यादा लिखित आहे. याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असेही कायदा म्हणतो, पण तो प्रयत्नच राहतो.

अलीकडे भार उमेदवाराकडे सरकला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 26 एप्रिल 2024 च्या निकालानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते आणि तीत फेरफार आढळल्यासच पैसे परत मिळतात. दर एका यंत्रसंचामागे वस्तू व सेवा करासह 47,200 रुपये ठरला. त्याच वर्षी हडपसरमध्ये 27 संचांसाठी ही रक्कम पावणेतेरा लाखांच्या घरात गेली. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये फरक पाव टक्क्याच्या आत असेल तर खर्च सरकारी आणि त्यापुढे एक टक्क्यापर्यंत मागणाऱ्याचा, अशी पायरी आहे. भारतात फरक 49 मतांचा असो वा 49 हजारांचा, तपासणीचा दर एकच.

याचिकेसाठी भरायची अनामत मात्र 1966 च्या दुरुस्तीपासून 2,000 रुपयेच आहे. 1980 मध्ये अण्णानगरमधून द्रमुकचे करुणानिधी 699 मतांनी निवडून आल्यावर पराभूत उमेदवार एच. व्ही. हांडे यांनी वेगळ्या कारणासाठी याचिका केली, तेव्हा हे 2,000 रुपये रिझर्व्ह बँकेत भरलेले चालतात की न्यायालयातच भरायला हवेत, हा वादही सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता.