स्तंभाची उंची आणि लातूरचे पाणी

आपल्या पाठ्यक्रमात सहावीला स्तंभालेख येतो, सातवीला जोडस्तंभालेख, तर आठवीला विभाजित आणि शतमान स्तंभालेख. विज्ञानाच्या तासालाही पाऊस, तापमान, अन्नघटक यांचे स्तंभ भेटतच असतात. मुले ते पट्टीने नेटके काढतात, रंगही सुरेख भरतात. मात्र ‘यावरून काय समजले?’ असे विचारताच उत्तर बहुधा एकच येते, ‘हा सर्वांत उंच आहे.’

लातूरचेच उदाहरण घेऊ. मांजरा धरण आटल्यावर 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी लातुरात दाखल झाली. दहा वाघिणी, पाणी सुमारे 5 लाख लिटर. त्याच महिन्यात पन्नास वाघिणींची गाडी आली. तिच्यात सुमारे 25 लाख लिटर. ‘1 सेंमी = 5 लाख लिटर’ असे प्रमाण घेतल्यास पहिला स्तंभ 1 सेंमी, दुसरा 5 सेंमी. मुलगा आनंदाने म्हणेल, पाणी पाचपट झाले! ते खरेही आहे.

आता त्याला शेजारी तिसरा स्तंभ काढावयास सांगावे: शहराची एका दिवसाची गरज. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 80 हजार होती. माणशी अवघे 50 लिटर धरले तरी 1 कोटी 90 लाख लिटर होतात, म्हणजे 38 सेंमी! वहीचे पान संपते, स्तंभ संपत नाही. मग प्रमाण बदलून ‘1 सेंमी = 10 लाख लिटर’ करावे लागते आणि पहिली गाडी अर्ध्या सेंटिमीटरवर येते. तिचे पाणी सर्वांना वाटले असते, तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास. मोठ्या गाडीचे साडेसहा लिटर. गाडी आली तरी नळ कोरडे का, याचे उत्तर मुलाला स्वतःच्या हाताने मिळते.

उभा अक्ष शून्यापासून निघतो की नाही, हेही पाहावे. नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर शिकवणी वर्गांच्या फलकांची काही कमतरता नाही. समजा, एका वर्गाचा निकाल 92 टक्के, दुसऱ्याचा 96. अक्ष 90 पासून सुरू केला, की दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. आकडे खरे, चित्र फसवे. ताळेबंद वाचण्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांची नजर म्हणूनच आधी अक्षावर जाते, रंगांवर नंतर.

विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने 1786 मध्ये स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा स्तंभालेख छापला, तोही काहीशा नाइलाजाने. अनेक वर्षांचे आकडे असते, तर त्याने रेषा काढली असती. हाती एकाच वर्षाचे होते.

स्तंभालाही मर्यादा आहे. महिन्यात 200 मिलिमीटर पाऊस झाला, एवढेच तो सांगतो. तो दोन दिवसांत कोसळला की वीस दिवस झिरपला, हे त्यात दिसत नाही. आपल्या शेतकऱ्याला फरक पडतो तो तेथेच. यासाठी चातुर्मासात गच्चीवर सरळ उभ्या बाजूंचे, सपाट तळाचे भांडे ठेवून मुलांनी रोज सकाळी पट्टीने पाणी मोजावे, भांडे रिकामे करावे आणि दिवसाचा एक स्तंभ काढावा. कोरड्या दिवसाचीही जागा अक्षावर राखावी. श्रावणातील उघडीप त्या मोकळ्या जागांतूनच वाचता येते.