जुन्या गाडीला दुसरे इंजिन : हिशेब कोणता मांडावा?

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी, तर समोरच्या तीरावर मुरूड तालुक्यातील आगरदांडा. दोहोंमध्ये मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते. ती नसेल तर खाडीला मोठा वळसा घालावा लागतो. मोठा बाजार, रुग्णालय, रेल्वे स्थानक यांपैकी कशासाठीही येथील कुटुंबाला गाव सोडून जावेच लागते. अशा ठिकाणी दारातील जुनी मोटार म्हणजे चैन नव्हे. दुकानाच्या तराजूइतकीच ती गरजेची. म्हणूनच तिच्या इंजिनाने दम सोडला, की घरात प्रश्न उभा राहतो : चालू स्थितीत जेमतेम ऐंशी हजारांची ही गाडी, तिच्यावर पन्नास हजार घालायचे का?

पहिली दक्षता निदानाची. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळत आहे. पांढरा दाट धूर सतत येत असेल तर कूलंटचे पाणी आत शिरत असावे. दुसऱ्या प्रकारात दोष पुष्कळदा हेड गॅसकेटपुरता असतो. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घेतल्याशिवाय ‘इंजिन गेले’ हा निकाल स्वीकारू नये. रिंग-पिस्टन बदलून इंजिन बांधून घेणे स्वस्त पडते काय, हेही विचारावे.

निदान पक्के झाले, की व्यापारी मन चटकन म्हणते, ‘मूळ मालापेक्षा दुरुस्ती जड, सोडून द्या.’ हा हिशेब अपुरा आहे. बाजारभाव विकणाऱ्याच्या कामाचा. वापरणाऱ्याने पाहायचे ते हे, की तीच सोय दुसऱ्या मार्गाने घेतली तर वर्षाला किती खर्च येईल. मागल्या वर्षी घातलेल्या टायरांचे पैसेही या हिशेबात धरू नयेत. ते खर्ची पडून गेले.

उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. समजा, दिघीतील एका किराणा व्यापाऱ्याकडे तेरा वर्षांची पेट्रोल मोटार आहे. आहे त्या स्थितीत ती २०,००० रुपयांना जाईल. जुने पण चांगले इंजिन ३५,०००. बसवण्याची मजुरी, क्लच प्लेट, माउंटिंग वगैरे १५,०००. पुढे नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि त्यासाठीची किरकोळ कामे १०,०००. खर्च झाला ६०,००० रुपयांचा. गाडी न विकल्यामुळे सोडलेले २०,००० त्यात मिळवले तर ८०,०००. चार वर्षांनी भंगाराचे २०,००० परत आले, तर निव्वळ भार ६०,००० म्हणजे वर्षाला १५,००० रुपये.

याउलट २,४०,००० रुपयांची दुसरी वापरलेली गाडी घेतली आणि सहा वर्षांनी ती ९०,००० रुपयांना विकली, तर वर्षाला २५,००० रुपये पडतात. गुंतलेल्या रकमेचे व्याज वेगळेच. येथे इंजिन बदलणे शहाणपणाचे ठरते. परंतु हीच जुनी गाडी एकच वर्ष चालली तर? नूतनीकरणाचे १०,००० वगळूनही त्या एका वर्षाचा भार ५०,००० रुपये होतो आणि सारा निर्णय उलटतो.

म्हणजे खरा प्रश्न इंजिनाच्या किमतीचा नाही, गाडीच्या उरलेल्या आयुष्याचा आहे. आणि किनाऱ्यावर ते आयुष्य खारी हवा ठरवते. बाहेरून रंग चकचकीत असला तरी आतून पत्रा सडलेला असू शकतो. म्हणून विसार देण्यापूर्वी गाडी उचलून खालून पाहावी. दाराखालची चौकट, पायपोसाखालचा तळाचा पत्रा, जॅक लावण्याची जागा आणि सस्पेन्शन जेथे जोडलेले असते ते भाग स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावेत. पापुद्रे सुटत असतील तर गोष्ट वरवरची असू शकते; टोक आरपार गेले तर इंजिनाचा विचार सोडावा.

कायद्याची बाजूही तितकीच महत्त्वाची. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीसाठी त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये. इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. म्हणून त्याच प्रकारचे इंजिन बसवले तरी परिवहन कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी लागते. रायगडच्या बऱ्याच भागातील लोकांना त्यासाठी पेण गाठावे लागते. जुने इंजिन घेताना पक्के बिल आणि ते ज्या गाडीतून काढले तिची कागदपत्रे मागावीत. क्रमांक खोडलेला दिसला तर सौदा कितीही स्वस्त असो, सोडावा. चोरीचा माल अजाणता घेतला तरी चौकशीचा ससेमिरा चुकत नाही, आणि अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

भिन्न जातीचे इंजिन बसवण्याचा मोह तर टाळावाच. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये फियाटच्या सांगाड्यात निसानचे इंजिन घालून ‘११८ एनई’ आणली होती. पण ते काम कारखान्याचे, चाचण्या आणि मान्यता यांच्या आधाराचे. गॅरेजमधील कारागीर कितीही कुशल असला तरी ती मान्यता देऊ शकत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. सीएनजीसारख्या इंधनबदलाची वाट वेगळी; तिला मान्यताप्राप्त संच आणि नोंदणी लागते.

गाडी पेढीच्या वहीत असेल तर हा खर्च दुरुस्तीचा की भांडवली, हे सनदी लेखापालास आधीच विचारून घ्यावे. आणि तळ सडलेलाच निघाला, तर गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन ठेव प्रमाणपत्र घ्यावे. नवे वाहन घेताना त्यावर करात सवलत मिळू शकते, आणि आपल्या नावावरची नोंदणी रद्द करून घेतली, की त्या गाडीची जबाबदारीही संपते.