हवेला चकवलं, मानेचं काय?

ग्रॅम ओब्री या स्कॉटिश सायकलपटूने १९९३ मध्ये नॉर्वेतल्या हामार इथे तासाभरात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला. ती सायकल त्याने स्वतःच बनवली होती आणि तिच्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग बसवलं होतं. वीस वर्षांनी, पन्नाशीला टेकलेला असताना, त्याने स्वयंपाकघरात आणखी एक सायकल रचली: 'बीस्टी'. हिच्यावर चक्क पालथं पडायचं होतं. डोकं पुढे, पाय मागे आणि खांदे टेकवायला जुन्या पातेल्याचे कापलेले तुकडे!

हा खटाटोप हवेसाठी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या. वेग दुप्पट हवा, तर शक्ती आठपट लागते. तेवढी पायांत कुठून येणार? त्यापेक्षा हवेला समोरून भिडणारं अंग कमी करणं सोपं. पालथं झोपलं की ते बरंच कमी होतं. शिवाय खांद्यांना टेकू मिळतो. एरवी पायडलवरचा जोर शरीराचं वजन आणि हातांची ओढ यांपुरताच असतो. टेकू असेल तर पायांना पूर्ण रेटा देता येतो.

अडचण मानेपाशी सुरू होते. कुत्र्याच्या कवटीला पाठीचा कणा मागच्या बाजूने जोडलेला असतो, माणसाच्या कवटीला खालून. उभं राहून समोर बघायला ही रचना उत्तम. पण पालथं पडून समोर बघायचं तर साडेचार-पाच किलोचं डोकं मान मागे मोडून उचलून धरावं लागतं. नुसतं वाकून सायकल चालवणाऱ्यांचीही यात दैना होते. 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या शर्यतीत (नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली ती हीच) काहींच्या मानेचे स्नायू पार गळून जातात आणि हनुवटी छातीवर पडते. १९८३ मध्ये मायकेल शर्मर यांची अशी गत झाली, तेव्हापासून या दुखण्याला त्यांचंच नाव आहे.

श्वासाचंही तसंच. श्वास घेताना पोट पुढे यायला जागा लागते, इथे पोटाखाली गादी! पोट मोकळं ठेवून छातीच्या आणि कमरेच्या हाडांवर भार घेता येतो, पण मग तीच हाडं ठणकतात. ब्रेक दाबला की सगळं अंग खांद्यांच्या टेकूवर आदळतं. आणि धडक झालीच तर सगळ्यात आधी डोकं. रहदारीच्या रस्त्यावर ही सायकल कोणी काढू नये, असं मला वाटतं ते एवढ्या एकाच कारणासाठी.

सप्टेंबर २०१३ मध्ये ओब्री अमेरिकेत नेवाडातल्या बॅटल माउंटनच्या सरळसोट रस्त्यावर उतरला. कवचबंद 'बीस्टी'ने ताशी ९१ किलोमीटरचा वेग गाठला. पालथ्या सायकलींमध्ये तो विक्रम ठरला. त्याच आठवड्यात, त्याच रस्त्यावर, डच विद्यार्थ्यांनी बनवलेल्या सायकलवर सेबास्टियान बोवियरने १३३.७८ गाठले, तेही उताणं पडून, पाय पुढे करून. तुलना अगदी सरळ नाही. एकीकडे विद्यापीठाचा चमू, दुसरीकडे एकटा माणूस. पण उताणं पडल्यावर मानेवर असा ताण येत नाही, पोट मोकळं राहतं, पाठीला भक्कम टेकू मिळतो आणि हवाही तितकीच चकवता येते.

पालथ्या सायकलच्या बाजूने उरते ती एकच गोष्ट. उताण्या स्वाराच्या नजरेसमोर त्याचेच गुडघे आणि कवच येतात, पालथ्याला समोर मोकळा रस्ता दिसतो. २०१६ मध्ये टॉड रायकर्टने ताशी १४४.१७ किलोमीटरचा विक्रम केला, त्या 'एटा' सायकलला समोर काचच नव्हती. तो उताणा पडून कॅमेऱ्याच्या पडद्यावर रस्ता बघत होता.